मुद्देमाल क्रमांक चार

सेशन केस दोनशे सतरा. आरोपी सोनबा हेडाऊ,
राहणार तांडापेठ, धंदा विणकर, वय त्रेपन्न.
मयत डोमाजी खापेकर, इतवारीतला सूतवाला,
गोदामात सापडला, गळ्याभोवती मागाची दोरी.
मुद्देमाल क्रमांक चार म्हणजे तीच, गाठीसकट.

सरकारी वकील म्हणाले, ही गाठ विणकराचीच,
तुटला धागा सांधतात तशी.
मी हरकत घेतली, पण ते खरं होतं.
माझा बाप पाचपावलीत मागावरच म्हातारा झाला.
ही गाठ मला बाराखडीच्या आधी येत होती.

वर्धा रोडच्या जेलात सोनबा जाळीपलीकडे बसायचा
आणि विचारलेलं सोडून सगळं सांगायचा.
फणीला गंज चढू देऊ नका म्हणा घरी.
माठ गळते, बदला म्हणा.
त्या रात्री कुठे होतास?
"लिहून टाका ना जी काहीबी."

एप्रिल संपत आला होता.
कोर्टातल्या कूलरमध्ये पाणी नव्हतं,
कोरड्या वाळ्यातून धूळ तेवढी यायची.
आणि कौतिका यायची, सोनबाची बायको,
उन्हातान्हात, पूल ओलांडून, सिव्हिल लाइन्सपर्यंत पायी.
फी जमत नाही म्हणून माझ्यासाठी डबा.
"पोट भरलं तं भांडाल, वकीलबाई."
पाटवडी, भाकर, वर कांदा, फडक्यात बांधलेलं.
बाररूममध्ये ते सोडताना
रोज माझी बोटं अडायची.
नखं वाढली असतील, म्हणायचे मी.

डॉक्टरांच्या साक्षीच्या दिवशी मुद्देमाल उघडायला लावला.
लाख फुटली. दोरी हातात घेतली
आणि अंगठा आपोआप गेला तिथे टोक नव्हतं.
टोक पलीकडून आलं होतं.
गाठ तीच, बांधणारा हात दुसरा.
सोनबा उजवा. सही उजवी, धोटा उजवा, पाणीही उजव्या हाताने.
केस संपली होती माझ्यापुरती!
दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

डबा पुढे ओढला.
बोटं अडली.

मुन्शी बोरकुटे म्हणाला, मॅडम, जेवा ना.

संध्याकाळी नोंदवही काढली. पान अकरा, माझंच अक्षर :
मोतीबिंदू झाल्यापासून आरोपी सूत आणायला जात नसे.
पत्नी जाई. एकटी. दिवेलागणीला, गर्दी ओसरल्यावर.
हे मी लिहिलं होतं. वाचलं नव्हतं.

जाळीपलीकडे मी एवढंच म्हटलं,
गाठ डावखुरी आहे, सोनबा.
तो खूप वेळ पाहत राहिला, त्या दुधाळ डोळ्यांनी.
"गाठीचं नका काढू जी.
बाकी काय काढाचं थे काढा."
उठताना पहिल्यांदाच त्याने मला प्रश्न विचारला :
"तुमाले कशी वळखू आली?"

युक्तिवाद दोन तास चालला.
दोन्ही पंच एकाच चहाटपरीवरचे. सीलच्या नोंदीवर सही नाही.
ठाण्याच्या डायरीत साडेनऊचे साडेअकरा झालेले, शाई वेगळी.
चांगली बोलले, असं सगळे म्हणाले.
शेवटी न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं,
मुद्देमाल चारबद्दल बचाव पक्षाला काही?
"काही नाही, महोदय."
स्टेनोने तेही टिपलं.

निकाल सुट्टीनंतर, नऊ जूनला.
सुटेल की नाही, खरंच सांगता येत नाही मला.
पंचांवर सुटतात माणसं. पंचांवर अडकतातही.
रात्री गच्चीवर मी दोरीच्या तुकड्याला
एकदा उजवीकडून गाठ मारते, एकदा डावीकडून.
दुसरी अजून नीट बसत नाही.

कोर्ट बंद आहे, तरी आज ती घरी आली, धरमपेठेत.
पायरीवर टेकली, पाण्याचा पेला घेतला
तिच्या त्या हाताने,
आणि डबा माझ्यापुढे सरकवला.
फडकं नुसतं दुमडून खोचलेलं होतं.
गाठ नव्हती.

आम्ही दोघी त्या फडक्याकडे पाहत बसलो.
मग मी भाकर मोडली.
इतक्या दुरून येऊनही गरम होती.
मे महिना आहे, एवढंच.